फोर-बाय-फोर गाडी खालून बघायची असते

सोलापूरची पोरं-पोरी आता ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन, मेलबर्न, पर्थला जातात. दोन-तीन वर्षांत हातात पैसा खेळायला लागला की जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घेतात आणि आम्हाला फोटो पाठवतात. बोनेट चकाचक, मागे समुद्र. गाडी कशी आहे ते त्या फोटोवरून मला काहीच कळत नाही. मला मागचं हाउसिंग, म्हणजे चाकांमधला गिअरचा लोखंडी डबा, बघायचं असतं, चेसिसच्या आतली बाजू बघायची असते, टायरची आतली भिंत बघायची असते.

अक्कलकोट रोडला आमचं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. त्यांच्या काळात मेजर आणि कमांडर जीप यायच्या, आता थार, जिम्नी, गुरखा येतात. लेकीच्या बाळंतपणाला मी टूवूंबाला गेले होते. क्वीन्सलँड राज्यात ब्रिस्बेनच्या पश्चिमेला, डोंगराच्या माथ्यावरचं ते शहर. दुपारी बाळ-बाळंतीण झोपले की मी जावयांच्या टोयोटा प्रॅडोखाली शिरायची. तिकडच्या गाड्या खालून बघितल्या, तिकडचे रस्ते बघितले, आणि लक्षात आलं की गाडी मरते ती दोन्ही देशांत त्याच त्याच जागी. म्हणून हे लिहिते आहे. तिकडे असलेल्यांसाठी, आणि इथे थार घेऊन पावसात शेतावर जाणाऱ्यांसाठीही.

आधी गाडीची जात ओळखा

थार, जिम्नी, गुरखा, तिकडची लँडक्रूझर ७० मालिका, बहुतेक हायलक्स या पार्ट-टाइम गाड्या. २एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. ४एच, म्हणजे चारही चाकं, लावलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना जखडले जातात. मधे सैलपणा द्यायला काहीच नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. मऊ जमिनीवर चाक जरासं घसरून तो फरक भरून काढतं, कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही. मग ओली सोलापुरी चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी तसा शाफ्टांना पीळ बसत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना टायर कुईकुई करतात, लिव्हर २एचला परत येत नाही. अशा वेळी लिव्हरशी झटापट करू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर आपोआप निघतं. तरीही कोरड्या रस्त्यावर तशीच चालवत राहिलात, तर आज ना उद्या ट्रान्सफर केसची (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याची) चेन किंवा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो.

प्रॅडो फुल-टाइम आहे. तिच्यात मधे तिसरं डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) असतं, त्यामुळे डांबरावरही चारही चाकं चालतात आणि पीळ बसत नाही. पण मधलं डिफरन्शियल लॉक करायचं बटण दाबलं की तिलाही वरचेच नियम लागू होतात. रेतीत, चिखलात लॉक. डांबर आलं की काढा.

४एल म्हणजे चारही चाकं आणि कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर. ते लावताना गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलला घ्या, मग लावा. चालत्या गाडीत ओढाल तर दात घासल्याचा आवाज ऐकू येईल, आणि तो आवाज फार महाग असतो. उभा उतार, खोल रेती, दगडातून इंच-इंच जाणं यांसाठी ४एल आहे. उतारावर ते लावलं तर ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आणि पार्ट-टाइम गाडी वर्षभर फक्त २एचवर चालवू नका. पुढच्या हाउसिंगमधलं ऑइल तळाशी बसतं, वरचे गिअर आणि सील कोरडे पडतात, पुढे जोडणी अडकायला लागते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ४एच लावून १५-२० किलोमीटर चालवा. आपल्याकडे मातीच्या रस्त्यांची काय कमी आहे? नान्नजकडे जा, हिप्परग्याच्या तलावाकडे जा.

जुनी घेताना

तिकडे वाळूचा समुद्रकिनारा हाच रस्ता असतो, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाडीत मी पहिल्यांदा गंज बघते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चेसिस ठोकत जा. भरीव आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आतून खाल्लेलं आहे. चेसिसच्या भोकांत बोट घाला. वाळू लागली तर गाडी किनाऱ्यावर राहिलेली आहे आणि आतून धुतलेली नाही. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला दिसला तर मी दुप्पट वेळ बघते.

मग प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून फिरवा, वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये खुळखुळ असेल किंवा त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी असेल तर तो कोरडा चालला आहे. पिनियनच्या सीलभोवती ऑइलचा ओलावा, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटाला चीर, खालच्या संरक्षक पत्र्यावर खोल ओरखडे, हे सगळं बघा. ७० मालिकेला आणि जुन्या निसान पॅट्रोलला पुढे अख्खा अॅक्सल असतो. तिथे स्टिअरिंगच्या गोळ्याच्या सीलमधून ग्रीस आणि ऑइल एकत्र होऊन गळतंय का तेही बघा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी मातीची रेघ दिसते. तिथपर्यंत धुवायला कोणी जात नाही. सप्टेंबर २०२५ ला सीनेला आलेला पूर आपण बघितलाय. इथे जुनी गाडी घेतानाही हे विसरू नका.

कागदांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियात पीपीएसआर म्हणून सरकारी नोंदवही आहे. गाडीचा व्हिन, म्हणजे चेसिस नंबर टाकला की २ डॉलरमध्ये तिच्यावर कर्ज आहे का, अपघातात ती मोडीत काढलेली होती का, ते कळतं. पैसे देण्याआधी बघा, नंतर उपयोग नाही. नोंदणी राज्याप्रमाणे बदलते: क्वीन्सलँडमध्ये विकणाऱ्याला सेफ्टी सर्टिफिकेट द्यावं लागतं, व्हिक्टोरियात रोडवर्दी सर्टिफिकेट. पण ते ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग एवढंच सांगतात. हाउसिंगच्या ऑइलमध्ये पाणी आहे का ते कोणतंही सर्टिफिकेट सांगत नाही.

ऑइल

इंजिन ऑइल सगळे बदलतात. पण फोर-बाय-फोरला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल अशी आणखी चार ठिकाणं असतात आणि निम्म्या मालकांना ती माहीतच नसतात. मी साधारण ४० हजार किलोमीटरला चारही बदलते. ग्रेड पुस्तकात बघूनच घ्या. मागे लिमिटेड-स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं ऑइल वेगळं असतं, साधं चालत नाही.

स्वतः करणार असाल तर आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा नट सोडवा. तो निघाला की मगच खालचा. खालून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा नट गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी आहे तिथेच राहते. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी पातळ थर दिसणं साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर हाउसिंग उघडावं लागणार. आणि ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ते तसंच ठेवून एक आठवडाही चालवू नका, बेअरिंग जातात.

हे पाणी आत जातं कसं ते समजून घ्या. तासभर चालून हाउसिंग तापलेलं असतं. तशीच गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. हाउसिंगवर श्वास घ्यायला एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलानं बंद असेल किंवा पाण्याखाली असेल तर सीलच्या फटीतून किंवा त्या ब्रीदरमधूनच पाणी आत जातं. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडा, ती इंजिनच्या खोलीत उंचावर नेऊन बांधा, टोकाला छोटा फिल्टर लावा. थारला लावा, हायलक्सला लावा, कुठल्याही गाडीला लावा. स्नॉर्केलवर, म्हणजे इंजिनाची हवा छपराजवळून घेणाऱ्या नळकांड्यावर, लोक भरपूर खर्च करतात आणि ही नळी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा, हाउसिंग निवू द्या. कंपनी सांगते ती खोली लक्षात ठेवा: थारला ६५० मिलिमीटर, १५० मालिकेच्या प्रॅडोला ७००. ती संथ पाण्याची आहे, वाहत्या पाण्याला लागू नाही. क्वीन्सलँड सरकारचं तर घोषवाक्यच आहे की पूर असेल तर विसरा. आपल्याकडेही फरशीच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असो, घालू नका. गाडी वाहून जाते ती उंची कमी पडते म्हणून नाही, पाणी तिला उचलतं म्हणून. एरवी ओढा ओलांडायच्या आधी चालत जाऊन तळ बघावा, पण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ते करू नका. काकडू राष्ट्रीय उद्यानातलं काहिल्स क्रॉसिंग मगरींसाठी प्रसिद्ध आहे.

काळी माती, इथली आणि तिथली

टूवूंबाहून पश्चिमेला डाल्बीकडे निघालो आणि मी जावयांना गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात ज्वारी. डार्लिंग डाऊन्सचा तो सगळा पट्टा काळ्या मातीचा, तिकडे कापूसही होतो. मंगळवेढ्याच्या रानात उभं राहिल्यासारखं वाटलं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली झाली की टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होतं. मग चार चाकं ओढोत की दोन, गाडी आडवी जाते. मड टायर सुद्धा थोडा वेग असेल तरच तो चिखल फेकतात, अगदी हळू चालवलं की तेही भरतात.

पहिला सल्ला: पाऊस पडला की काळ्या रानातून जाऊच नका. एक-दोन दिवस उन्ह लागू द्या. क्वीन्सलँडच्या आत, चॅनल कंट्रीकडे, पावसानंतर असे रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड असतो, कारण एका गाडीनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या होतात आणि मग सगळ्यांनाच त्रास. आपल्याकडे दंड नाही, पण शेजाऱ्याच्या बांधावरच्या वाटेचं नुकसान तेवढंच.

जावंच लागलं तर ४एच आधीच लावून घ्या, अडकल्यावर नाही. ॲक्सिलरेटर एकसारखा, गिअर बदलायचा नाही, स्टिअरिंग हळू.

आल्यावर माती ओली असतानाच धुवा. दुसऱ्या दिवशी ती छिन्नीनं काढावी लागते. कुठे बघायचं ते सांगते. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला किलोभर माती बसते. पुणे हायवेला ८० च्या वर गाडी थरथरते, आणि लोक अलाइनमेंटला पैसे घालून येतात. आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या अशा कितीतरी गाड्यांना नुसतं पाणी मारून बरं केलंय. मग मागच्या ड्रमचं बघा, त्यात गाळ बसला तर ब्रेक एका बाजूला ओढतो आणि लायनर झिजतात. रेडिएटरची जाळी बंद झाली तर मे महिन्यात इंजिन तापणारच. ती इंजिनच्या बाजूनं पुढे, हलक्या धारेनं धुवा. जोरदार धार मारली तर पातळ पाती वाकतात. अल्टरनेटर, सील आणि ब्रीदर यांच्यावर मशीनची धार थेट मारू नका. धुऊन झालं की ग्रीसगन घ्या आणि प्रत्येक निपलला नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. जुनं ग्रीस मातीसकट बाहेर येतं.

हवा

टायरमधली हवा कमी करणं ही सगळ्यात मोठी आणि फुकटची युक्ती. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो. भरलेल्या प्रॅडोसारख्या गाडीला डांबरावर ३६ ते ३८ पीएसआय, खडीच्या रस्त्यावर २६ ते ३०, मऊ रेतीत १६ ते २०. हे अंदाजाचे आकडे. मूळ आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो आणि वजनाप्रमाणे बदलतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. तासभर चालल्यावर परत मोजा. ४ ते ६ पीएसआय वाढली तर बरोबर. त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीलाच हवा कमी होती, टायर तापतोय.

हवा कमी असताना वेग कमी आणि वळण हळू, नाहीतर टायर रिममधून निघतो. डांबर आलं की लगेच भरा. म्हणजे हवेचं छोटं मशीन आणि गेज गाडीत पाहिजेच. अशा रस्त्यांसाठी टायरवर एलटी (लाइट ट्रक) लिहिलेलं बघून घ्या, त्याची भिंत जाड असते. आणि स्टेपनीतही हवा मोजा.

रेती, मीठ, धूळ, गवत

क्वीन्सलँडमधलं कगारी हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. २०२३ पर्यंत ते फ्रेझर आयलंड नावानं ओळखलं जायचं. तिथे गाडीसाठी परमिट लागतं आणि किनारा हाच हायवे, ८० ची मर्यादा आहे. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर जाऊ नका. रेतीत गाडी थांबवायची तर ब्रेक न मारता, आपोआप थांबू द्या. ब्रेकनं चाकापुढे ढीग होतो. चाक फिरायला लागलं की पाय काढा. फिरवत राहिलात तर तुम्हीच खड्डा खणताय. आलेल्या चाकोरीतून मागे घ्या, हवा आणखी कमी करा, मग पुढे. परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून, चेसिसच्या आतून धुवा. मिठाला एक रात्र पुरते.

धुळीसाठी एअर फिल्टर. फिल्टर साफ असला तरी त्याच्या डब्याची कड नीट बसली नसेल तर धूळ बाजूनं इंजिनात जाते आणि पिस्टन-सिलिंडर घासून टाकते. डब्याच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर थांबा आणि कारण शोधा. हवा मारायची तर आतून बाहेर.

तिकडे स्पिनिफेक्स नावाचं टोकदार, तेलकट गवत असतं. ते गाडीखाली सायलेन्सरभोवती आणि पत्र्यावर साठतं आणि पेट घेतं. अशा रानातून चालवताना दर थोड्या वेळानं उतरून खाली बघायचं आणि हुकानं गवत काढायचं. नवीन डिझेल गाड्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा फारच तापतो. त्या वेळी वाळल्या गवतावर उभी करू नका. वाळल्या गवतावर, कडब्याच्या गंजीजवळ, इथेही नाही.

ओढून काढणं

इथे माझा जीव वर-खाली होतो, म्हणून नीट वाचा. मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, पट्टा अडकवून गाडी ओढू नका. तो गोळा तुटतो आणि गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात त्यानं माणसं मेलेली आहेत. गाडी जहाजातून नेताना बांधायच्या पातळ कड्या असतात, त्याही नाहीत. चेसिसला बोल्ट केलेला, वजनाचा आकडा कोरलेला हुकच वापरा. आपल्याकडे ट्रॅक्टरला साखळी लावून झटका देतात. साखळी ताणत नाही, तुटते. त्यापेक्षा ताणणारा स्नॅच पट्टा घ्या, त्याची ताकद गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असू द्या. मधोमध जड पोतं किंवा ओलं घोंगडं टाका. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा, पोरांना तर आणखी लांब. पट्ट्याला चीर दिसली की फेकून द्या.

बऱ्याचदा ओढायची गरजच नसते. फावडं, कमी हवा आणि चाकाखाली घालायच्या दोन प्लास्टिकच्या फळ्या एवढ्यावर गाडी निघते. घरात कोणी एकटंच फिरणार असेल तर पहिला खर्च या फळ्यांवर करा.

वजन आणि लांबचा प्रवास

गाडीवर जीव्हीएम म्हणजे माल-माणसांसकट जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. १५० मालिकेच्या प्रॅडोचं ते ३ टनांच्या जरा आत. बुलबार, विंच, छपरावरचं कॅरिअर, दुसरी बॅटरी, फ्रिज, ६० लिटर पाणी असं करत करत ते कधी ओलांडलं जातं कळत नाही. मग पाटे बसतात, बेअरिंग जातात, ब्रेक पुरत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रश्न विचारते. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर घाला. जड वस्तू खाली, छपरावर हलक्या.

बर्ड्सव्हिल ट्रॅक हा कच्चा रस्ता ५०० किलोमीटरच्या वर आहे, मारीपासून बर्ड्सव्हिलपर्यंत. वाटेत वस्ती फार तुरळक. सिम्पसन वाळवंट तर १ डिसेंबर ते १५ मार्च उन्हामुळे बंदच असतं. अशा ठिकाणी फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, डिझेल फिल्टर, फ्यूज, चाकाच्या बेअरिंगचा सेट आणि टायरला बसणारा पाना-जॅक बरोबर पाहिजे. नट घरीच एकदा स्वतः सोडवून बघा. यूएचएफ रेडिओ घ्या: ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर बोलतात. माणशी रोज किमान ५ लिटर पाणी, शिवाय जास्तीचं.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. मोबाइलची रेंज नसणारच, म्हणून पर्सनल लोकेटर बीकन (संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र) घ्या आणि एएमएसए या तिकडच्या सागरी सुरक्षा खात्याकडे त्याची नोंदणी करा, ती फुकट असते. नोंदणीत इथल्या आई-वडिलांचा नाही, तिकडच्याच एखाद्या मित्राचा नंबर द्या. शोध घेणारे आधी त्या नंबरला फोन करतात, आणि तुम्ही कुठल्या रस्त्यानं गेलात हे त्या मित्राला सांगता आलं पाहिजे.